ब्लड कॅन्सर स्तनात पोहोचतो तेव्हा: तपासण्या आणि निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनात गाठ लागली की मनात आधी स्तनाचा कर्करोग येतो, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्याही मनात तोच असतो. ते रास्तच आहे. पण थोड्या रुग्णांत ती गाठ स्तनाच्या पेशींपासून झालेलीच नसते. लिम्फोमा, ल्युकेमिया किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांच्या पेशी तिथे साठून ती तयार झालेली असते. दोन्हींचे उपचार इतके वेगळे आहेत की निदानातली गफलत थेट शरीरावर निघते: गरज नसताना स्तन काढला जातो आणि गरज असलेली केमो लांबते. स्कॅनमधून काय कळतं, काय कळत नाही आणि बायोप्सी कशी व्हायला हवी, हेच प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक सर्वांत जास्त विचारतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

रक्ताचा कर्करोग स्तनात कसा काय येतो?

रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरतच असतात. स्तनाला भरपूर रक्तपुरवठा आहे, लसीकावाहिन्यांचं जाळं आहे, आणि अनेक स्त्रियांच्या स्तनाच्या आतही छोट्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) असतात, बहुधा वरच्या-बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला. कर्करोगी झालेल्या पांढऱ्या पेशी याच वाटांनी तिथे पोहोचतात आणि वाढू लागतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आतड्याचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग दुसऱ्या अवयवात गेला की तो चौथ्या टप्प्याचा ठरतो आणि घरचे हादरतात. रक्ताच्या कर्करोगाला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. ल्युकेमिया पहिल्या दिवसापासून सर्वांगात असतो. लिम्फोमाचे टप्पे ठरवण्याची पद्धत वेगळी आहे आणि त्याचे काही प्रकार पसरलेले असतानाही बरे होतात. त्यामुळे स्तनात गाठ सापडली म्हणजे सगळं संपलं, असा अर्थ काढू नका.

हे किती वेळा घडतं?

क्वचित. शरीरातल्या दुसऱ्या कर्करोगामुळे स्तनात गाठ होणं हे स्तनातल्या एकूण कर्करोगांच्या साधारण ०.५ ते २ टक्के इतकंच आहे. त्या छोट्या गटात लिम्फोमा आणि मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) हे नेहमी वरच्या क्रमांकावर असतात. केवळ स्तनातच सुरू झालेला लिम्फोमा याहून दुर्मीळ, म्हणजे स्तनाच्या कर्करोगांत १ टक्क्याहूनही कमी.

‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ लिम्फोमा म्हणजे काय?

आजार स्तनातच सुरू झाला असेल तर प्रायमरी. शरीरात इतरत्र असलेला आजार स्तनात आला असेल तर सेकंडरी. १९७२ साली वाइजमन आणि लियाओ यांनी यासाठी जे निकष मांडले, त्यांचाच आधार आजही घेतला जातो. तपासणीला पुरेसा ऊतीचा तुकडा हवा, लिम्फोमा स्तनाच्या ऊतीला लागूनच दिसायला हवा, आधी लिम्फोमा झालेला नसावा आणि तो इतरत्र पसरलेला नसावा. त्याच बाजूच्या काखेतल्या ग्रंथी सोबत वाढलेल्या असल्या तर चालतात.

मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी पाहून हा भेद करता येत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. तो ठरतो संपूर्ण शरीराच्या स्कॅनवरून आणि रुग्णाच्या पूर्वेतिहासावरून.

नेमके कोणते ब्लड कॅन्सर स्तनात आढळतात?

सर्वांत जास्त लिम्फोमा, आणि त्यातही नॉन-हॉजकिन गटातले. स्तनातच सुरू होणाऱ्या लिम्फोमांमध्ये डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा सर्वांत जास्त आढळतो. तो वेगाने वाढतो, पण उपचारांना चांगला प्रतिसादही देतो. फॉलिक्युलर आणि मार्जिनल झोन हे संथ चालणारे प्रकारही दिसतात. हॉजकिन लिम्फोमा स्तनाच्या ऊतीत फार क्वचित येतो.

त्यानंतर ल्युकेमिया. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी अस्थिमज्जेबाहेर एका जागी गोळा होऊन घट्ट गाठ करतात, तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. ताजी कापली तर तिच्यावर कधी कधी हिरवट झाक दिसते, कारण या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. ही गाठ तरुण स्त्रियांमध्ये आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर आजार उलटताना दिसू शकते. फसवणारी गोष्ट अशी की त्या वेळी रक्त आणि अस्थिमज्जा दोन्ही साफ असू शकतात. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय म्हणून स्तनातल्या नव्या गाठीकडे काणाडोळा करायचा नाही. काही वेळा ल्युकेमियाचं अजून निदानही झालेलं नसतं आणि ही गाठच त्याची पहिली खूण ठरते. तेव्हा तिच्यावर ल्युकेमियाचेच उपचार करावे लागतात. नुसती कापून सोडून दिली, तर बहुतेक रुग्णांत काही महिन्यांत ल्युकेमिया उघड होतो.

अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाही स्तनात येतो, विशेषतः किशोरवयीन आणि तरुण मुलींमध्ये, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया मात्र स्तनापेक्षा काखेतल्या ग्रंथींमध्येच जास्त दिसतो. काखेतल्या ग्रंथींबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे. मायलोमाच्या पेशींची गाठ, म्हणजे प्लाझ्मासायटोमा, स्तनात अगदीच विरळा.

हाताला ही गाठ वेगळी लागते का?

थोडीफार. बहुतेक वेळा ती दुखत नाही, बऱ्यापैकी हलते, दगडासारखी कडक न लागता रबरासारखी लागते, आणि भराभर वाढते. काही आठवड्यांत आकार दुप्पट झाल्याचं रुग्ण सांगतात, तेव्हा लिम्फोमाचा विचार मनात यायला हवा. कातडी आत ओढली जाणं, निपल आत वळणं, निपलमधून रक्त येणं ही लक्षणं कार्सिनोमाकडे, म्हणजे स्तनाच्या पेशींपासून होणाऱ्या नेहमीच्या कर्करोगाकडे, झुकतात. लिम्फोमात ती क्वचितच दिसतात.

कधी वेगळी अशी गाठ नसतेच. अख्खा स्तन सुजतो, लाल होतो, कातडी जाड होते. तेव्हा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिली जातात. पूर्ण कोर्स घेऊनही सूज ओसरली नाही तर आणखी एक कोर्स लिहून घेण्यापेक्षा बायोप्सीबद्दल विचारा. रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं ही लिम्फोमाची ओळखीची लक्षणं, पण आजार फक्त स्तनापुरता असेल तर ती बहुधा नसतात.

मॅमोग्राममध्ये काय दिसतं?

बहुतेक वेळा गोल किंवा लंबगोल, आजूबाजूच्या ऊतीपेक्षा दाट अशी एक गाठ. कडा बऱ्यापैकी रेखीव किंवा थोड्या अस्पष्ट. अनेक गाठीही असू शकतात, एकाच स्तनात किंवा दोन्हींत. दुसरं रूप पसरट सुजेचं: एक स्तन दुसऱ्यापेक्षा एकूणच दाट दिसतो, कातडी जाड, आतले पडदे ठळक. हे रूप दाहक कार्सिनोमासारखंच, म्हणजे स्तन सुजवून लाल करणाऱ्या कार्सिनोमासारखंच, दिसतं.

पण काय दिसत नाही, ते जास्त बोलकं असतं. कार्सिनोमाभोवती काट्यांसारख्या ओढलेल्या रेषा दिसतात, कारण तो भोवतालच्या ऊतीला घट्ट करून आपल्याकडे खेचतो. कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, कारण दुग्धनलिकांमधल्या पेशी मरून तिथे क्षार साठतात. लिम्फोमाच्या पेशी ऊतीला खेचत नाहीत. तिच्यात शिरून जागा व्यापतात. म्हणून काटे नाहीत, आणि उपचारांआधी कॅल्शियमही जवळपास नाही. मोठी, भराभर वाढलेली गाठ आणि तिच्यात या दोन्ही खुणा नाहीत, तर रेडिओलॉजिस्टने थबकून पाहावं.

मात्र फायब्रोअॅडिनोमासारख्या निरुपद्रवी गाठींमध्येही काटे नसतात. त्यामुळे ‘कडा रेखीव आहेत, म्हणजे काळजीचं कारण नाही’ असा निष्कर्ष घाईचा ठरतो, आणि ज्या बाईला आधीच ल्युकेमिया किंवा लिम्फोमा आहे तिच्या बाबतीत तर तो काढूच नये. ल्युकेमियात आणि तरुण वयातल्या दाट स्तनांत मॅमोग्राम नॉर्मलही येऊ शकतो. गाठ हाताला लागत असेल तर नॉर्मल मॅमोग्रामवर थांबायचं नाही, सोनोग्राफी करायचीच.

सोनोग्राफीत आधी ‘सिस्ट’ म्हणाले, मग ‘गाठ’. असं का होतं?

लिम्फोमाची हीच जुनी खोड. पाण्याने भरलेली सिस्ट सोनोग्राफीत काळी दिसते, कारण आतून ध्वनिलहरी परत फेकणारं काही नसतं. आणि तिच्या मागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यातून लहरी सहज पार होतात. लिम्फोमात एकसारख्या दिसणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, मध्ये धाग्यांसारखी ऊती फारशी नसते. लहरींना अडवणाऱ्या सीमाच आत कमी, त्यामुळे घन गाठ असूनही ती जवळपास काळी दिसते आणि तिच्या मागे उजळपणाही येतो. मशीनचा गेन (चित्र किती उजळ दिसेल ते ठरवणारी सेटिंग) कमी ठेवला असेल तर फसायला वेळ लागत नाही.

उलगडा डॉपलर करतो, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीचीच पद्धत. सिस्टच्या आत रक्तप्रवाह नसतो, लिम्फोमाच्या आत तो भरपूर असतो. म्हणून काळ्या दिसणाऱ्या प्रत्येक गाठीवर डॉपलर लावून बघणं ही सवयच हवी. काही गाठी मिश्र दिसतात, काळ्या भागांत मधूनमधून उजळ पट्टे; काहींभोवती उजळ कडा असते. यातलं एकही चिन्ह ‘हा लिम्फोमाच’ असं ठामपणे सांगत नाही.

सोनोग्राफी करताना काख पाहिलीच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची. दुसरा स्तनही. एकाच बाजूची, एवढ्याच गाठीपुरती सोनोग्राफी म्हणजे अर्धीच तपासणी.

एमआरआय करायलाच हवा का?

प्रत्येकाला नाही. मॅमोग्राम-सोनोग्राफीत गाठ स्पष्ट दिसली आणि तिची बायोप्सी होणार असेल, तर एमआरआयने निदानात फारशी भर पडत नाही. आजार स्तनात किती पसरलाय, दुसऱ्या बाजूला काही आहे का, छातीच्या स्नायूंपर्यंत गेलाय का, हे पाहायचं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) टोचल्यावर लिम्फोमा झटकन उजळतो आणि पुढे तसाच टिकतो किंवा मावळतो. कार्सिनोमाही तसंच करतो. डिफ्यूजन नावाच्या चित्रात मात्र फरकाचा एक धागा मिळतो. पेशींची दाटी जितकी जास्त, तितकी त्यांच्या मधल्या पाण्याच्या कणांची हालचाल कमी, आणि लिम्फोमात ही हालचाल कार्सिनोमापेक्षाही कमी आढळते. धागाच तो, त्यावर निदान बेतता येत नाही.

पेट-सीटी कशासाठी करतात?

आजार शरीरात कुठे कुठे आहे ते पाहण्यासाठी, आणि नंतर उपचार लागू पडतायत का ते तपासण्यासाठी. वेगाने वाढणाऱ्या पेशी साखर भराभर खातात, म्हणून किरणोत्सारी साखर टोचून घेतलेल्या चित्रात त्या चमकतात. लिम्फोमाच्या मोजमापाचे २०१४ चे लुगानो निकष याच स्कॅनवर आधारलेले आहेत.

पुष्कळदा कथा उलटीही असते: लिम्फोमासाठी पेट-सीटी केला आणि स्तनात अनपेक्षित ठिपका चमकला. तो लिम्फोमा असेलच असं नाही. कार्सिनोमा चमकतो, काही फायब्रोअॅडिनोमाही चमकतात, जखम किंवा संसर्ग चमकतो, आणि बाळाला पाजणाऱ्या आईचे तर दोन्ही स्तन नैसर्गिकरीत्याच चमकतात. अशा ठिपक्याची मॅमोग्राम-सोनोग्राफीने वेगळी तपासणी व्हायला हवी. याउलट, मार्जिनल झोनसारखे संथ लिम्फोमा फिकेच राहू शकतात. न चमकलेली गाठ निर्धोकच असते असं नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाही एरवी फिका असतो. त्यातलीच एखादी गाठ अचानक झगझगीत दिसली, तर आजाराने आक्रमक रूप घेतल्याची शंका घेऊन नेमकी तीच गाठ बायोप्सीसाठी निवडतात.

स्तन साफ आहेत, पण काखेत ग्रंथी वाढल्यात. आता?

हा प्रश्न प्रत्यक्षात सर्वांत जास्त येतो. आधी एक पाहायचं: ग्रंथी एकाच काखेत वाढल्यात की दोन्हींत?

एकाच बाजूला असतील तर त्याच बाजूच्या स्तनात लपलेला कार्सिनोमा आहे का हे शोधावं लागतं. त्या हाताला जखम, संसर्ग किंवा नुकतीच लस हेही कारण असू शकतं. २०२१ मध्ये कोविडच्या लशीनंतर काखेत ग्रंथी वाढलेल्या इतक्या स्त्रिया तपासणीला आल्या की तेव्हापासून ‘लस कोणत्या दंडात, कधी घेतली’ हा प्रश्न मॅमोग्रामच्या फॉर्मवर आला. दोन्ही काखांत वाढलेल्या असतील तर विचार शरीरभरच्या आजारांकडे वळतो: लिम्फोमा, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, क्षयरोग, एचआयव्ही, संधिवाताचे काही प्रकार. नेहमीच्या मॅमोग्राममध्ये दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या दिसल्या, रक्ताची साधी तपासणी केली, लिम्फोसाइट्स खूप वाढलेले निघाले आणि ल्युकेमियाचा छडा लागला, असंही होतं.

ग्रंथीचा नुसता आकार फारसं काही सांगत नाही. निरोगी ग्रंथीचं आवरण पातळ असतं, साधारण ३ मिलिमीटरपर्यंत, आणि मधोमध चरबीचा उजळ गाभा दिसतो. आवरण जाड झालं, गाभा नाहीसा झाला, ग्रंथी लंबगोलाची गोल झाली, तर बायोप्सीचा विचार होतो. जाता जाता: हातावर किंवा खांद्यावर गोंदण असेल तर आधीच सांगा. शाईचे कण काखेतल्या ग्रंथींत साठतात आणि मॅमोग्राममध्ये कॅल्शियमसारखे दिसून सगळ्यांना कामाला लावतात.

रिपोर्टवर ‘बायरॅड्स’चा आकडा लिहिलाय. त्यावरून लिम्फोमा कळतो का?

नाही. ही श्रेणी स्तनाच्या कर्करोगाची शंका किती आहे हे सांगण्यासाठी केलेली आहे. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करा. ५ म्हणजे कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा जास्त. तो कोणता कर्करोग, हे आकडा सांगत नाही. आधीपासून लिम्फोमा असलेल्या बाईच्या काखेत त्याच आजाराच्या मोठ्या ग्रंथी आहेत, पण स्तनात काही नाही, अशा वेळी रिपोर्टवर २ म्हणजे ‘स्तनाच्या दृष्टीने निर्धोक’ असंही लिहिलेलं असू शकतं. ते वाचून लिम्फोमा गेला असा समज करून घेऊ नका. आकड्याच्या वर लिहिलेली वाक्यं वाचा.

मला आधी लिम्फोमा होऊन गेलाय. ही नवी गाठ म्हणजे तोच परत आला का?

असू शकतो. पण तसं गृहीत धरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तरुणपणी हॉजकिन लिम्फोमासाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाचा कार्सिनोमा होण्याचा धोका बराच वाढतो आणि तो अनेक वर्षं टिकतो. म्हणूनच १० ते ३० या वयात छातीवर रेडिएशन झालेल्यांना त्यानंतर ८ वर्षांनी, पण वयाच्या पंचविशीआधी नाही, दरवर्षी मॅमोग्रामसोबत एमआरआयही करायला सांगतात. म्हणजे अशा बाईच्या स्तनात गाठ आली, तर तिचा जुना आजार परतलाय की जुन्या उपचारांनी नवा आजार दिलाय, हे दोन्ही तितक्याच गांभीर्याने तपासावं लागतं.

शिवाय दोन्ही एकाच वेळी असू शकतात. स्तनात कार्सिनोमा, आणि काखेत लिम्फोमा किंवा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. म्हणून स्तनातली गाठ आणि काखेतली ग्रंथी एकमेकींशी जुळत नाहीत असं दिसलं, तर दोन्हींची वेगवेगळी बायोप्सी करून घ्यावी. एकीच्या रिपोर्टवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

बारीक सुईची तपासणी पुरेल की कोअर बायोप्सीच हवी?

कोअर बायोप्सी, म्हणजे जाडसर सुईने ऊतीचा तुकडा काढणं. बारीक सुईने सुट्या पेशी येतात आणि ‘लिम्फोमाचा संशय’ इथवर मजल जाते. पण उपचार ठरवायचे तर लिम्फोमाचा नेमका प्रकार कळायला हवा, आणि त्यासाठी पेशींची मूळ रचना टिकलेला तुकडा लागतो. स्तनात साधारणपणे १४ गेजची सुई वापरतात, सोनोग्राफीत बघत बघत, जागा बधिर करून. लिम्फोमाची शंका असेल तर नेहमीपेक्षा जास्त तुकडे घ्यावेत, कारण पुढे अनेक चाचण्या लागतात आणि ऊती संपली की सगळं पुन्हा करावं लागतं. तेवढ्याने प्रकार ठरला नाही तर एखादी पूर्ण ग्रंथी काढून तपासतात.

एक बारकावा असा आहे की तो रुग्णानेही माहीत करून घ्यावा. तुकडे एरवी सरसकट फॉर्मलिन या ऊती जपणाऱ्या द्रावात टाकले जातात. फ्लो सायटोमेट्री ही रक्ताच्या कर्करोगात अतिशय उपयोगी चाचणी जिवंत, सुट्या पेशींवर होते आणि फॉर्मलिनमध्ये त्या निकामी होतात. म्हणून थोडा ताजा नमुना सलाइनमध्ये किंवा पेशी टिकवणाऱ्या खास द्रावात वेगळा ठेवून लगेच पाठवावा लागतो. आणि हे सुई टोचण्याआधी ठरायला हवं. नमुन्यासोबत जाणाऱ्या रिक्विझिशन फॉर्मवर ‘पूर्वी ल्युकेमिया’ किंवा ‘लिम्फोमाचा संशय’ एवढे दोन शब्द असतील तर प्रयोगशाळेचं सगळं काम त्या दिशेने होतं. नुसतं ‘स्तनात गाठ’ लिहून पाठवलं तर पॅथॉलॉजिस्ट कार्सिनोमाच शोधणार, त्यात त्याचा दोष नाही.

बायोप्सी होईपर्यंत सूज कमी करायला स्टेरॉइड घेतलं तर चालेल का?

जीव धोक्यात नसेल तर नाही. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात. गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि बायोप्सीत मेलेल्या पेशींखेरीज काही सापडत नाही. थोड्याच काळात गाठ परत येते आणि निदान तिथल्या तिथेच राहतं. दमा, संधिवात किंवा अॅलर्जीसाठी तुम्ही आधीपासून स्टेरॉइड घेत असाल तर ते बायोप्सी करणाऱ्यांना नक्की सांगा, पण मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्ये सीडी२०, सीडी३ असं काय काय लिहिलंय. याचा अर्थ?

पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांना दिलेले ते क्रमांक आहेत, आणि त्यांवरून पेशी कोणत्या घराण्यातली हे कळतं. ही चाचणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलण्यात आयएचसी. आधीचा प्रश्न असतो कार्सिनोमा की रक्तपेशी. सायटोकेराटिन आलं तर कार्सिनोमा. सीडी४५ आलं तर बहुधा रक्तपेशी. पुढे सीडी२० बी-पेशींकडे बोट दाखवतं, सीडी३ टी-पेशींकडे (हे दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार), सीडी१३८ प्लाझ्मा पेशींकडे. मायलोपेरॉक्सिडेज, सीडी११७, लायसोझाइम हे मायलॉइड सार्कोमाचे. टीडीटी आलं तर अपरिपक्व पेशी, म्हणजे लिम्फोब्लास्टिक आजाराची शक्यता. केआय-६७ पुढची टक्केवारी पेशी किती वेगाने विभागतायत ते सांगते. बर्किट या अतिशय वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात ती जवळपास १०० असते. आक्रमक बी-सेल लिम्फोमात ‘फिश’ नावाच्या चाचणीने एमवायसी, बीसीएल२ आणि बीसीएल६ या जनुकांची उलथापालथ झालीये का तेही पाहतात, कारण त्यावर केमोची तीव्रता ठरू शकते.

पॅथॉलॉजिस्टही चुकू शकतात का? ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणाले आणि नंतर लिम्फोमा निघाला, असं ऐकलंय.

होतं असं. लिम्फोमाच्या पेशी सुट्या सुट्या, कधी एकापाठोपाठ एक रांगेत दिसतात. लोब्युलर हा कार्सिनोमाचा प्रकारही तसाच दिसतो. पेशी मोठ्या आणि आक्रमक असतील तर फारशी विभेदित न झालेल्या कार्सिनोमासारख्या वाटतात. अशा वेळी स्तनाच्या कर्करोगात नेहमी होणाऱ्या इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर२ या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह येतात, लिम्फोमात त्या तशाच यायच्या, आणि रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ उमटतं. मायलॉइड सार्कोमा तर लिम्फोमा म्हणून खपून जातो. सीडी२० नाही, सीडी३ नाही, पण सीडी४३ आहे, अशी जोडी आली तर मायलॉइडच्या चाचण्या लावायलाच हव्यात.

त्यामुळे ट्रिपल निगेटिव्ह असं निदान झालं असेल, पण स्कॅनमध्ये काटे-कॅल्शियम काही नाही, गाठ झपाट्याने वाढलीये, ग्रंथी दोन्ही काखांत आहेत किंवा पूर्वी रक्ताचा आजार झालाय, तर ‘सायटोकेराटिन आणि सीडी४५ तपासलं होतं का?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका. स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

स्तनात इम्प्लांट आहे. त्याने वेगळा लिम्फोमा होतो म्हणतात?

होतो, पण फार क्वचित. तो टी-पेशींचा अॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा असतो आणि प्रामुख्याने खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये या संबंधाची शक्यता जाहीर केली आणि २०१९ मध्ये खरखरीत इम्प्लांटचा एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. इम्प्लांट बसवल्यावर सरासरी ८ ते १० वर्षांनी त्याभोवती अचानक पाणी भरतं आणि स्तन एका बाजूने फुगतो. मॅमोग्राम इथे कमी पडतो, सोनोग्राफीत पाणी चांगलं दिसतं. ते काढून फेकून न देता तपासायला पाठवायचं असतं, शक्यतो निदान ५० मिलिलिटर, आणि सोबत ‘सीडी३० तपासा’ असं स्पष्ट लिहून. या लिम्फोमात मात्र शस्त्रक्रियाच मुख्य उपचार आहे: इम्प्लांट आणि त्याभोवतीचं आवरण पूर्ण काढतात. आजार आवरणाबाहेर गेला नसेल तर पुष्कळांना एवढंच पुरतं.

गरोदरपणात किंवा बाळाला पाजताना दोन्ही स्तन एकदम सुजले तर?

बहुतेक वेळा कारण दूध आणि संसर्ग हेच असतं. पण काही दिवसांत दोन्ही स्तन टणक आणि मोठे झाले, उपचारांना दाद देईनात, तर बर्किट लिम्फोमा डोक्यात ठेवावा. तो याच काळात, दोन्ही बाजूंना आणि अतिशय वेगाने येतो. सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी गरोदरपणातही सुरक्षित आहेत. एमआरआयचं गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट मात्र गरोदरपणात टाळतात.

पुरुषांना होतं का?

होतं, फारच क्वचित. तपासण्या त्याच.

निदान लिम्फोमा आलं. आता स्तन काढावा लागेल?

इम्प्लांटचा वर सांगितलेला प्रकार सोडला तर नाही. लिम्फोमावर केमो, अँटिबॉडी औषधं आणि गरजेनुसार रेडिएशन चालतं. स्तनातल्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या २०४ रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तन काढण्याचा काहीच फायदा दिसला नाही. शस्त्रक्रियेची गरज बायोप्सीपुरतीच. म्हणून ‘आधी गाठ काढू, मग बघू काय निघतं’ असं कोणी सुचवलं, तर आधी कोअर बायोप्सीचा आग्रह धरा. निदान झाल्यावर रुग्ण हिमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) किंवा मेडिकल ऑन्कोलॉजिस्टच्या हाती जायला हवा. या विशिष्ट लिम्फोमात दुसऱ्या स्तनात आणि मेंदू-मज्जारज्जूत आजार उलटण्याचा धोका असतो, त्याबद्दलही त्यांच्याशी सुरुवातीलाच बोला.

केमो संपली तरी सोनोग्राफीत गाठ दिसतेय. औषध लागू पडलं नाही का?

तसंच असेल असं नाही. मेलेल्या पेशींच्या जागी वण राहतो आणि सोनोग्राफीत तो गाठीसारखा दिसू शकतो. जिवंत आजार उरलाय का ते पेट-सीटी सांगतो. त्यात गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून डोव्हिल नावाच्या १ ते ५ च्या मापावर आकडा देतात. १ ते ३ म्हणजे साधारणपणे उपचार पूर्ण लागू पडले. हा स्कॅन घाईने केला तर उपचारांमुळे आलेली सूजही चमकते, म्हणून केमोनंतर ६ ते ८ आठवडे आणि रेडिएशननंतर सुमारे ३ महिने थांबणं बरं. आकडा ४ किंवा ५ आला तरी दुसऱ्या टप्प्याची औषधं सुरू करण्याआधी शक्य असेल तर त्या जागेची पुन्हा बायोप्सी करतात.

स्तनाच्या तपासणीला जाताना सोबत काय न्यावं?

आधीच्या आजाराचा बायोप्सी रिपोर्ट, रेडिएशन झालं असेल तर कुठे आणि कोणत्या वर्षी ते, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि जुने मॅमोग्राम. जुन्या तपासण्यांचे नुसते कागदी रिपोर्ट नकोत. चित्रांची सीडी किंवा फिल्म हवी. दोन वर्षांपूर्वी ती ग्रंथी एवढीच होती की आत्ताच वाढलीये, हे रेडिओलॉजिस्टला जुनं चित्र शेजारी लावूनच कळतं.